काहीही न टाकता निळा झालेला रस : वाघोलीतल्या एका सुट्टीतल्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

लाल कोबीच्या रसाचा प्रयोग आता चांगलाच रुळलेला आहे. कोबी चिरायचा, गरम पाण्यात भिजवायचा, जांभळा रस गाळून घ्यायचा. लिंबू पिळलं की गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला की निळा-हिरवा. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यातल्या वाघोलीच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मुलांसाठी हाच प्रयोग ठेवला होता आणि तो पहिल्याच पायरीवर अडला. मुलांनी केलेला रस जांभळा झालाच नाही. त्यात लिंबू नव्हतं, सोडा नव्हता, तरी तो निळा होता.

पुढे जे घडलं ते मी मदतनीस म्हणून जवळून पाहिलं. ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण घरातल्या द्रवांचे प्रयोग करताना आपण व्हिनेगर, दूध, तेल, साबण या सगळ्यांची नोंद घेतो आणि ज्यात हे सगळं कालवतो त्या पाण्याला मात्र धरतच नाही. पुण्यात तर ते धरायलाच हवं. इथे एका शहरात दोन अगदी वेगळी पाणी नांदतात.

गट आणि साहित्य

तिसरी ते आठवीपर्यंतची मुलं, संध्याकाळची वेळ, तीन टेबलं. गट चालवणारी ताई सदाशिव पेठेतून यायची. साहित्य प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातलं : व्हिनेगर, लिंबाचा रस, कोकमाचं आगळ, ताक, खाण्याचा सोडा, अंगाच्या साबणाचं पाणी. लाल कोबी मंडईतून आणलेला.

एक नियम ताईने पहिल्याच दिवशी घातला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बाथरूममधली एकही बाटली टेबलावर येणार नाही. रंग बदलताना दिसला की मुलांना घरातलं प्रत्येक द्रव तपासून पाहायची ओढ लागते. संडास साफ करायच्या द्रवात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. पानाचा चुनाही तिने यादीतून काढला. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सुरेख आहे, पण चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं. पंचवीस मुलांच्या गर्दीत तो नको, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

पहिली संध्याकाळ

नमुना म्हणून ताईने स्वतःच्या घरी केलेला रस बाटलीत भरून आणला होता. तो छान जांभळा होता. तिन्ही टेबलांवरच्या मुलांनी क्लब हाऊसच्या नळाचं पाणी तापवलं, त्यात कोबी भिजवला, गाळला. तिन्ही टेबलांवर निळा रस. एका पातेल्यात कोबी जरा जास्त उकळला होता, तिथे तर निळ्यात हिरवट झाक.

मुलांचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं : "ताई, आमचं चुकलं." कुणी म्हणालं, कोबी शिळा आहे. कुणी म्हणालं, दुसरा आणूया.

तेवढ्यात मधल्या टेबलावरची सहावीतली एक मुलगी आपल्या ग्लासात गुपचूप व्हिनेगर सोडताना दिसली. एक एक थेंब टाकायचा, ढवळायचं, ताईच्या बाटलीशी रंग ताडून पाहायचा. रंग जुळल्यावर तिने ग्लास पुढे ठेवला आणि वहीत लिहिलं, "रस जांभळा झाला."

ताईने ते पाहिलं होतं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ताई तिच्या शेजारी बसली आणि विचारलं, "किती थेंब लागले गं?"

मुलगी गोरीमोरी झाली. "मोजले नाहीत."

"मग दुसरा ग्लास घे आणि मोजून टाक. आणि वहीत आधी 'निळा' असं लिही. व्हिनेगर टाकलंस तेही लिही, त्याच्या खाली."

या प्रकरणाला वळण मिळालं ते इथे. मुलीने लपवाछपवी केली होती, त्याकडे ताईने काणाडोळा केला नाही. वही दुरुस्त करायला लावली, पण चारचौघांत तिला गुन्हेगारही ठरवलं नाही. आणि त्या मुलीच्या हातून नकळत जे झालं होतं ते रसायनशास्त्रातलं एक खरंखुरं मोजमाप होतं. एका द्रवाचा रंग ठरलेल्या छटेपर्यंत आणायला किती आम्ल लागतं, यावरूनच पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, मोजतात. प्रयोगशाळेत त्यासाठी ब्युरेट ही मापाच्या खुणांची नळी असते, आम्लाची तीव्रता नेमकी ठरलेली असते आणि दर्शक, म्हणजे रंग बदलून दाखवणारं द्रव्यही दुसरं असतं. तत्त्व मात्र तेच.

मुलं पुस्तकाशी उत्तर जुळवून घेतात ते आळसाने नाही. जुळलं नाही तर मार्क जातात, हे त्यांनी शाळेत पुरतं अनुभवलेलं असतं. म्हणून मला वाटतं, घरच्या प्रयोगात मोठ्यांनी सगळ्यात आधी एक गोष्ट करावी : "काय यायला हवं होतं" याच्याआधी "तुला काय दिसलं" ते लिहून घ्यावं.

संशय कुणावर

दुसऱ्या दिवशी ताईने फळ्यावर मुलांचे सगळे संशय लिहिले. कोबी वेगळा. कोबी जास्त उकळला. पातेलं वेगळं. पाणी वेगळं. शेवटचा संशय एका तिसरीतल्या मुलाचा होता. त्याचं कारण साधं होतं : "आमच्याकडे आई म्हणते बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही."

पातेल्याचा संशय मोठ्यांनी लगेच झटकला असता, पण तो रास्त होता. ताईने घरी स्टीलचं पातेलं वापरलं होतं आणि इथे ॲल्युमिनियमचं होतं. लाल कोबीला रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्यं आम्ल-अल्कावर रंग बदलतातच, पण ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, त्यांना चिकटले तरीही रंग निळ्याकडे झुकू शकतो. त्यामुळे पातेलं बाजूला काढल्याशिवाय पाण्याबद्दल काही बोलता येणार नव्हतं.

मग मांडणी अशी झाली. एकाच कोबीची पानं बारीक चिरून एकत्र मिसळली, म्हणजे बाहेरची पानं एकीकडे आणि आतली दुसरीकडे असं होऊ नये. काचेचे चार सारखे ग्लास. प्रत्येकात सारखे चमचे कोबी आणि सारखंच उकळतं पाणी. पाणी ओतायचं काम मोठ्यांनी केलं, तेही ग्लासात आधी स्टीलचा चमचा ठेवून. पाणी चार ठिकाणचं : क्लब हाऊसच्या नळाचं, एका घरातल्या आरओचं, ताईने पेठेतून बाटलीत आणलेलं महापालिकेचं, आणि आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं. चौथं पाणी घ्यायची कल्पना आठवीतल्या मुलीची. आरओ पाण्यातून काहीतरी काढून टाकतो, तर ते काढलेलं मागच्या नळीत जास्त असायला हवं, असा तिचा हिशोब होता. माझ्या मते संपूर्ण सुट्टीतला हा सगळ्यात चांगला विचार.

दहा मिनिटांनी ग्लास पांढऱ्या कागदावर, खिडकीपाशी ठेवले. आरओचा रस जांभळा, किंचित लालसर छटेचा. पेठेतल्या पाण्याचा जांभळा, जरासा निळ्याकडे. नळाच्या पाण्याचा स्पष्ट निळा. वाया जाणाऱ्या पाण्याचा त्याहून गडद निळा, हिरव्याकडे सरकलेला.

ग्लास सारखे, कोबी सारखा, वेळ सारखी. पातेल्याने आदल्या दिवशी काही भर घातली असेलही, पण या चार ग्लासांमधला फरक पातेल्याचा नव्हता.

पाण्याचं मूळ

पेठेतल्या नळाला येणारं पाणी खडकवासला साखळीतलं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी साठतं. ते डोंगरावरून वाहत येतं, खडकाच्या पोटात फारसं मुरत नाही. त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार कमी.

वाघोलीतल्या या सोसायटीचं बरंचसं पाणी बोअरचं आणि टँकरचं, आणि टँकरही बहुधा विहिरी-बोअरवरच भरलेले. हे पाणी जमिनीत मुरतं तेव्हा मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते सौम्य आम्लधर्मी होतं. मग ते दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बेसॉल्ट. पाण्यातलं सौम्य कार्बोनिक आम्ल खडकातली खनिजं हळूहळू विरघळवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. या बायकार्बोनेटमुळे पाणी किंचित अल्कधर्मी होतं, आणि तापवलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन ते आणखी अल्कधर्मी होतं. म्हणूनच ज्या पातेल्यात कोबी जास्त उकळला तिथे हिरवट झाक आली.

वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचं सुंदर निळं खनिज सापडतं आणि जगभरचे संग्राहक ते शोधत असतात. एका मुलाने ते पाहिलं होतं. त्याने विचारलं, रस त्याच्यामुळे निळा झाला का? नाही. त्या खनिजाचा निळा रंग त्यातल्या व्हॅनेडियम या धातूचा आणि कोबीचा निळा कोबीचाच. पण आपल्या पायाखालच्या खडकाचा आणि आपल्या नळाचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलं याचा मला आनंद झाला.

निळा रंग पाहून एका आईने काळजीने विचारलं, "मग हे पाणी प्यायचं की नाही?" तिला सरळ उत्तर देणं भाग होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा (७ म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, वर अल्क), ६.५ ते ८.५ चालतो. कोबीचा रस जांभळ्यापासून निळ्यापर्यंत जातो तो साधारण याच टप्प्यात. निळं म्हणजे खराब असं अजिबात नाही. आणि जांभळं म्हणजे शुद्ध असंही नाही, कारण पाण्यातले जंतू कोबीला कळत नाहीत. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावं लागतं.

थेंब मोजताना

आता सहावीतल्या मुलीचा प्रयोग पुन्हा, नीट. सरळ व्हिनेगर फार तीव्र पडत होतं, दोन थेंबांत रंग उडी मारून पुढे जायचा. म्हणून एक चमचा व्हिनेगर आणि नऊ चमचे आरओचं पाणी असं पातळ केलं. औषधाच्या बाटलीतला एकच ड्रॉपर सगळ्यांनी वापरायचा ठरला, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. प्रत्येक ग्लासात मापाने १०० मिलिलिटर गाळलेला रस. लक्ष्य एकच : आरओच्या ग्लासाइतका जांभळा.

पेठेतल्या पाण्याला अगदी थोडे थेंब लागले. नळाच्या पाण्याला वीस-पंचवीस. वाया जाणाऱ्या पाण्याला त्याहून बरेच जास्त. तिन्ही टेबलांचे आकडे सारखे आले नाहीत, कारण "जुळला" कधी म्हणायचं यावर प्रत्येकाचे डोळे वेगळे. पण क्रम तिन्हीकडे तोच. आकडे का जुळत नाहीत यावर मुलं बराच वेळ भांडली आणि अखेर एक जण थेंब टाकेल, दुसरा न बघता मोजेल, तिसरा फक्त रंग सांगेल अशी वाटणी त्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीनच गोष्ट दिसली. व्हिनेगर टाकून जांभळे केलेले नळाच्या पाण्याचे ग्लास रात्रभरात पुन्हा निळसर झाले होते. "व्हिनेगर उडून गेलं," असा पहिला अंदाज. खरं कारण असं : व्हिनेगरने बायकार्बोनेटच्या थोड्या भागाचा कार्बन डायऑक्साइड केला होता. तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पाणी जांभळ्यापुरतं आम्लाकडे झुकलेलं राहिलं. रात्रभरात तो हवेत निघून गेला आणि उरलेल्या बायकार्बोनेटने पाणी पुन्हा अल्कधर्मी झालं. ताईने हे सांगण्याआधी मुलांना एक ताजा जांभळा केलेला रस बाटलीत भरून हलवायला, झाकण उघडायला आणि पुन्हा हलवायला लावलं. रात्रीचं काम काही मिनिटांत होताना दिसलं. तेव्हा त्यांनीच विचारलं, "म्हणजे आतून काहीतरी बाहेर जातंय?"

फेस आणि साय

बोअरचं पाणी जड असतं हे सगळ्या घरांत बोललं जातं. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. मुलांनी ते तपासायला भांड्यांचं लिक्विड घेतलं आणि दोन्ही पाण्यांत भरपूर फेस आला. हे होणारच होतं. भांड्यांची लिक्विडं कृत्रिम डिटर्जंटची असतात आणि जड पाण्यातही फेसाळतात. फरक दिसायला खराखुरा साबण लागतो, तेलापासून केलेला. अंगाचा साबण किसून आरओच्या पाण्यात विरघळवला, सारख्या बाटल्यांमध्ये त्याचे सारखे थेंब टाकले आणि मोजून दहा वेळा हलवलं. आरओच्या बाटलीत दाट फेस. नळाच्या पाण्यात फेस नाही, वर पांढरी, दह्याच्या कवड्यांसारखी साय. साबणातली मेदाम्लं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटून बाहेर पडतात, ती ही साय. बादलीच्या कडेला जमणारा चिकट थरही हाच.

नळाचं पाणी उकळून, निवू देऊन, वरचं वर ओतून घेतलं तर फेस आधीपेक्षा बरा आला. तळाशी पांढरी पूड उरली. केटलीतल्या अशाच पुटावर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले. कॅल्शियम कार्बोनेट. यावर फार वेळ गेला नाही, कारण गीझरचं पांढरं कॉइल प्रत्येक घराने पाहिलेलं होतं.

सॉफ्टनरच्या पाण्याने घातलेला घोळ

एव्हाना मुलांच्या तक्त्यावर एक ठळक ओळ आली होती : "निळा रस = जड पाणी." चारही पाण्यांना ती लागू पडत होती. मग सोसायटीच्या दुसऱ्या विंगमधला एक मुलगा आपल्या घरचं पाणी घेऊन आला. त्या विंगला मिठावर चालणारा वॉटर सॉफ्टनर बसवलेला आहे. साबणाच्या बाटलीत त्या पाण्याला आरओसारखा फेस आला. कोबीत मात्र ते नळाच्या पाण्याइतकंच निळं!

मुलं वैतागली. दोनदा ग्लास धुऊन पुन्हा केलं, तरी तेच. इथे ताईने उत्तर द्यायची घाई केली नाही. तिने एवढंच सांगितलं की सॉफ्टनरच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मीठ टाकायचं ते मण्यांना पुन्हा सोडियम भरायला. "आता मला सांगा, यात कशाला हात लागला नाही?"

उत्तर यायला पुढचा दिवस उजाडला. बायकार्बोनेटला हात लागला नाही. साबण कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे बघतो, कोबी बायकार्बोनेटकडे. बोअरच्या पाण्यात दोन्ही एकत्र येतात म्हणून ते एकच वाटले होते. तक्त्यावरची ती ओळ मुलांनी खोडली नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी तारीख घातली आणि एका रकान्याचे दोन केले : जडपणा आणि अल्कता.

घरी हे करून पाहणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रंग ट्यूबलाइटखाली पाहू नका, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर पाहा. रस ताजा वापरा, मे महिन्यात तो फ्रिजबाहेर दिवसभरात वास मारतो. लाल कोबी नाही मिळाला तर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा, लिंबाने गडद गुलाबी आणि सोड्याने हिरवा रंग येतो. मात्र पाण्या-पाण्यातले बारीक फरक दाखवायला कोबीच चांगला. हळद इथे उपयोगाची नाही. ती साबणाच्या पाण्यात लाल होते, पण बोअरच्या पाण्यासारख्या सौम्य अल्कतेत पिवळीच राहते.

शेवटच्या संध्याकाळी आठवीतल्या मुलीने नवीन रकान्यांवरून एक भाकीत आधी वहीत लिहून ताईची सही घेतली : सॉफ्टनरचं पाणी उकळलं तर तळाशी पांढरी पूड बसणार नाही, आणि कोबी तरीही निळाच राहील, कदाचित जास्तच. तिच्या बाबांनी ते पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून दिलं. तळ स्वच्छ निघाला. कोबीचा रस निळ्यापलीकडे जाऊन हिरवट झाला. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन उरलेलं सोडियम कार्बोनेट जास्त अल्कधर्मी असतं, आणि सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळलेलंच राहतं, खाली बसत नाही. तिने सहीखाली "बरोबर" असं लिहिलं आणि त्याच पाण्याचे थेंब मोजायला ड्रॉपर मागितला.